“एक्झॉस्ट बदललाय, वॉरंटी गेली”: सहा लाखांचं एस्टिमेट हातात पडल्यावर आधी काय करायचं

पत्र थोडक्यात: वाचक पुण्याचा, वय ३६, आयटीत नोकरी. लहानपणापासून स्पोर्ट्स कारचं वेड, गेल्या दिवाळीच्या आधी सेकंड हँड डीलरकडून दोन सीटची जर्मन गाडी घेतली, टर्बो पेट्रोल, ड्युअल क्लच ऑटोमॅटिक, २६ हजार किलोमीटर झालेली, ४४ लाखांना. एक्स्टेंडेड वॉरंटी अजून शिल्लक आहे असं सांगूनच डीलरनं गाडी गळ्यात घातली. चार महिन्यांत त्रास सुरू. गाडी तापली की हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरला धक्के देते. गिअरबॉक्सचा लाल लाइट दोनदा लागला, दोन्ही वेळा रविवारी सकाळी, गाडी पंधरा दिवस बेसमेंटमध्ये उभी राहिल्यानंतर. ऑथराइज्ड वर्कशॉपनं मेकॅट्रॉनिक युनिट (गिअरबॉक्स चालवणारे व्हॉल्व्ह आणि कंप्युटर) आणि क्लच पॅक मिळून ६ लाख ४० हजारांचं एस्टिमेट दिलं, आणि वॉरंटी मिळणार नाही असं फोनवर सांगितलं. कारणं तीन: आधीच्या मालकानं बसवलेला एक्झॉस्ट, एक सर्व्हिस बाहेरच्या गॅरेजमध्ये झालेली, आणि “पेट्रोल चांगलं नसणार”. बायको म्हणते विकून टाक, पण तिला सहा लाखांचा आकडा अजून माहीत नाही. एका मित्रानं सुचवलंय की स्कॅनरनं लाइट घालवायचा आणि गाडी पुढे ढकलायची. वाचकाचा प्रश्न: पैसे भरू, कोर्टात जाऊन नवी गाडी मागू, बाहेर रिपेअर करू, की मित्र म्हणतो तसं करू?

मित्रा,

पत्रात तू पुन्हा पुन्हा लिहिलंयस की चूक तुझीच, ऐपत नसताना हौस केली, आता भोग. हे आधी बाजूला ठेव, कारण हा अपराधीपणा डोक्यात घेऊन वर्कशॉपच्या काउंटरवर उभा राहिलास तर समोरचा जे सांगेल ते तू मान खाली घालून ऐकणार, आणि माझ्या मते आत्तापर्यंत तेच झालंय. तुला फोनवर तीन कारणं सांगितली गेली आणि तू एकालाही ‘का’ असं विचारलं नाहीस. गाडी ४४ लाखांची असो की चार लाखांची, वॉरंटी नाकारणाऱ्यानं कारण द्यायचं असतं, लेखी द्यायचं असतं, आणि त्या कारणाचा बिघडलेल्या पार्टशी संबंध लागायला हवा.

आता तुझ्या चार पर्यायांकडे मी येईनच, पण त्याआधी तुझं पत्र मी गाडीच्या नजरेनं परत वाचलं आणि मला त्यात एक नाही, दोन वेगळी दुखणी दिसतायत, जी वर्कशॉपनं एकाच एस्टिमेटमध्ये बांधून टाकलीयत. धक्के बसतात ते गाडी तापल्यावर, ट्रॅफिकमध्ये, हळू चालताना. लाल लाइट लागतो तो गाडी थंड असताना, पंधरा दिवस उभी राहिल्यावर, पहिल्याच स्टार्टला. एकाच पार्टचा दोष असता तर दोन्ही वेळची परिस्थिती इतकी उलट नसती असं मला वाटतं. पत्रावरून मी निदान करत नाही, पण लाइटसाठी मी आधी बॅटरीकडे बघेन. या गाड्यांत लॉक करून गेलास तरी अलार्म, कीलेस, ट्रॅकर असं सगळं थोडा थोडा करंट खात असतं, पंधरा दिवसांत बॅटरी चांगलीच उतरते, सकाळी सेल्फ मारला की व्होल्टेज पडतं आणि मग गिअरबॉक्स, एबीएस, स्टिअरिंग यांचे कंप्युटर एकेक करून तक्रार नोंदवतात. रात्रभर उभ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर साधारण १२.५ ते १२.६ व्होल्ट दिसले पाहिजेत, १२.२ म्हणजे ती निम्मी रिकामी आहे. पण नुसतं व्होल्टेज बघून भागत नाही, लोड टेस्ट (ताण देऊन बॅटरी किती तग धरते ते बघणं) करून घे, दहा मिनिटांचं काम आहे, आणि त्याची प्रिंट निघते ती जपून ठेव.

दुसरी गोष्ट म्हणजे स्कॅन रिपोर्ट. तुला एस्टिमेट दिलं, रिपोर्ट दिला का? पत्रात त्याचा उल्लेखच नाही. गाडीचा कंप्युटर नुसता फॉल्ट कोड साठवत नाही, तो कोड पडला त्या क्षणाचा फोटोच काढून ठेवतो, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात: त्या वेळी किलोमीटर किती झाले होते, इंजिन किती गरम होतं, आरपीएम किती, बॅटरीचं व्होल्टेज किती. तुझ्या लाल लाइटच्या कोडपुढे व्होल्टेज नऊ-साडेनऊ दिसलं तर सहा लाखांच्या मेकॅट्रॉनिकची चर्चा करण्याआधी बॅटरी बदलून बघायला पाहिजे. आणि व्होल्टेज व्यवस्थित असून ऑइल प्रेशरचा कोड असेल तर मग वर्कशॉपचं म्हणणं बरोबर असू शकतं, तेही मान्य करायचं. म्हणूनच मित्राचा तो लाइट घालवायचा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकला. कोड क्लिअर केला की तो फोटोही पुसला जातो, म्हणजे तुझ्या बाजूचा सगळ्यात चांगला साक्षीदार तू स्वतःच्या हातानं घालवलास. पूर्ण स्कॅनची पीडीएफ मिळेपर्यंत कोणालाही, अगदी ओळखीच्या मेकॅनिकलाही, काही क्लिअर करू देऊ नकोस.

धक्क्यांबद्दल. ड्युअल क्लच म्हणजे आत दोन क्लच असतात आणि ते कंप्युटर दाबतो-सोडतो. मोकळ्या रस्त्यावर हे गिअरबॉक्स लोण्यासारखे चालतात, पण हिंजवडीत संध्याकाळी सहा वाजता फूट फूट पुढे सरकताना क्लच पूर्ण जोडलाही जात नाही आणि पूर्ण सुटतही नाही, घासत राहतो, तापतो, आणि मग थरथर, धक्के. ही फक्त तुझ्या गाडीची गोष्ट नाही. फोक्सवॅगनला चीनमध्ये याच प्रकारच्या डीएसजी (त्यांच्या ड्युअल क्लचचं नाव) गिअरबॉक्सच्या तक्रारींवरून २०१२ मध्ये वॉरंटी १० वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरपर्यंत वाढवावी लागली आणि पुढच्या वर्षी मोठा रिकॉलही करावा लागला, आणि तिथेही गर्दीची शहरं आणि उष्ण हवा हा भाग होताच. तर नवीन युनिट टाकण्याआधी विचारायच्या गोष्टी अशा: गिअरबॉक्सचं सॉफ्टवेअर लेटेस्ट आहे का, क्लच ॲडॉप्टेशन करून बघितलं का (म्हणजे क्लच किती झिजलाय ते कंप्युटरला नव्यानं शिकवणं), आणि गिअरबॉक्स वेट क्लचचा (क्लच ऑइलमध्ये बुडलेले) असेल तर त्याचं ऑइल कधी बदललं. बऱ्याच वेट क्लच डीएसजींना ६० हजार किलोमीटरला ऑइल बदल सांगितलेला असतो, तुझी तिथे पोचली नाहीये, पण ट्रॅफिकमध्ये रखडलेल्या गाडीत ते आधी बघितलेलं बरं. ॲडॉप्टेशन आणि सॉफ्टवेअर यांचा खर्च हजारांत असतो, लाखांत नाही.

आणि हे विचारताना एक फरक पक्का लक्षात ठेव. मेकॅट्रॉनिक हा व्हॉल्व्ह आणि इलेक्ट्रॉनिक्सचा भाग आहे, तो बहुतेक एक्स्टेंडेड वॉरंट्यांत धरलेला असतो. क्लच प्लेट हा झिजणारा पार्ट आहे, ब्रेक पॅडसारखा, आणि तो बहुतेक वॉरंट्यांत वगळलेला असतो. एस्टिमेटमध्ये दोन्ही एकत्र लिहिले तर ‘नाही’ म्हणणं सोपं जातं. तू ते वेगळं करून माग, प्रत्येक पार्टचा नंबर, किंमत, लेबर, जीएसटी. जीएसटीवरून आठवलं, २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या पार्ट्सवर सरसकट १८ टक्के आहे, आधी बऱ्याच पार्ट्सवर २८ होता, तेव्हा टॅक्सचा कॉलम नीट बघ.

आता त्यांची तीन कारणं.

एक्झॉस्ट. तू लिहिलंयस की फक्त मागचा भाग बदललाय, मफलर आणि टिप्स, कॅटला (धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला) हात लावलेला नाही. अशा एक्झॉस्टमुळे आवाज वाढतो, आरटीओवाला पकडू शकतो, सोसायटीतले लोक वैतागतात, पण त्यानं गिअरबॉक्समधला व्हॉल्व्ह कसा बिघडेल हे मला कोणीतरी समजावून सांगावं. एक्झॉस्टच्या ब्रॅकेटचा खुळखुळाट किंवा त्या बाजूचा सेन्सर यावर त्यांनी वॉरंटी नाकारली तर ठीक, गिअरबॉक्सवर नाही. पण इथे तुला एक अवघड प्रश्न विचारते. ज्यानं हौसेनं एक्झॉस्ट बसवला त्यानं रिमॅप (ताकद वाढवायला इंजिनच्या कंप्युटरचं सॉफ्टवेअर बदलणं) केला नव्हता कशावरून? आधीच्या मालकाला फोन कर आणि सरळ विचार. रिमॅपनं टॉर्क वाढतो, आणि वाढलेला टॉर्क थेट क्लचवरच येतो, तेव्हा रिमॅप असेल तर तुझी बाजू खरंच लंगडी होते. परत कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर टाकलं की कळत नाही अशी समजूत आहे, पण कंप्युटर किती वेळा फ्लॅश झालाय, म्हणजे त्यात नवं सॉफ्टवेअर किती वेळा टाकलंय, याची नोंद आत राहते आणि कंपनीच्या सर्व्हरशी जोडलं की ते दिसतं. हे तुला आधी माहीत असलेलं बरं, मीटिंगमध्ये समोरून कळलं तर तोंड लपवायला जागा राहणार नाही.

बाहेरची सर्व्हिस. ‘बाहेर हात लागला म्हणजे वॉरंटी गेली’ हे वाक्य आपण सगळ्यांनी इतक्यांदा ऐकलंय की ते कायदा असल्यासारखं वाटतं. २५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींच्या वर दंड लावला होता, सुटे पार्ट आणि स्कॅनर बाहेरच्या गॅरेजना न देण्यावरून, आणि त्याच आदेशात कंपन्यांना सांगितलं होतं की बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करायची अट घालू नका, त्या बाहेरच्या कामातल्या चुकीनं जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच नाकारा. पुढे त्यावर अपिलं झाली, दंडाचं प्रकरण लांबलं, त्यामुळे हा आदेश म्हणजे हुकमाचा एक्का आहे असं समजू नकोस, पण ईमेलमध्ये त्याचा उल्लेख केला की उत्तर देणारा माणूस बदलतो, हे नक्की. तुझ्या बाबतीत बाहेर काय झालं? इंजिन ऑइल आणि फिल्टर. त्याचं बिल शोध, ऑइलचा ग्रेड लिहिलेला असेल तर सोन्याहून पिवळं.

पेट्रोल. यावर मी फार वेळ घालवत नाही. इंधनानं इंजेक्टर, पंप, रबरी होज यांना त्रास होऊ शकतो, क्लचला पेट्रोल लागतच नाही.

पण मला खरी धाकधूक या तिघांची नाहीये, चौथ्याच गोष्टीची आहे, जी तू लिहिली नाहीस. ती एक्स्टेंडेड वॉरंटी तुझ्या नावावर झाली आहे का? आरसी बुक नावावर झालं म्हणजे वॉरंटी झाली असं नसतं. बहुतेक पॉलिसींत नवा मालक आला की ठरावीक दिवसांत कळवायचं, फॉर्म भरायचा, कधी गाडीची तपासणी करायची, कधी थोडी फी, असं असतं. आणि ती वॉरंटी देणारी नेमकी कोण आहे, गाडीची कंपनी, इन्शुरन्स कंपनी, की तो सेकंड हँड डीलर स्वतः? तिन्हींची पुस्तकं वेगळी, वगळलेल्या पार्ट्सची यादी वेगळी. आज रात्री जेवण झाल्यावर ते पुस्तक काढ आणि दोनच पानं वाच, ट्रान्सफरचं आणि एक्सक्लुजनचं. ट्रान्सफर राहिलं असेल तर लगेच कळव, आणि डीलरनं ‘वॉरंटी आहे’ असं व्हॉट्सॲपवर किंवा जाहिरातीत लिहिलं असेल तर ते स्क्रीनशॉट जप, कारण मग जबाबदारीत तोही येतो.

मग हे सगळं मागायचं कसं? लेखी. वर्कशॉपला आणि कंपनीच्या कस्टमर केअरला एकाच ईमेलमध्ये, चासी नंबर, तारखा, किलोमीटर टाकून, शांत भाषेत: कोणता पार्ट फेल झाला, कोणत्या तपासणीवरून ठरवलं, स्कॅन रिपोर्ट द्या, एक्झॉस्टमुळे हा पार्ट कसा फेल झाला ते लिहून द्या, वॉरंटीच्या कोणत्या कलमाखाली नकार आहे ते लिहा, आणि माझ्या चासी नंबरवर काही रिकॉल किंवा सर्व्हिस कॅम्पेन आहे का ते सांगा. शेवटचा प्रश्न विसरू नकोस. माहीत असलेल्या दोषावर कंपन्या कधी कधी फार मोठं पाऊलही उचलतात, २०१४ मध्ये दोन ९११ जीटी३ गाड्यांना आग लागल्यावर पोर्शनं ७८५ गाड्या वापरू नका म्हणून सांगितलं, कनेक्टिंग रॉडच्या स्क्रूचा दोष निघाला, आणि सगळ्यांची इंजिनं बदलून दिली. तुझ्या गाडीचं तसंच आहे असं नाही, पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

जॉब कार्डबद्दल सगळ्यांसाठीच लिहिते, कारण इथे बहुतेक लोक हरतात आणि त्यांना ते वर्षभरानं कळतं. सर्व्हिस ॲडव्हायजर घाईत असतो, तो ‘जनरल चेकअप’ किंवा ‘पिकअप प्रॉब्लेम’ असं टाइप करून सही घेतो. सही करायच्या आधी वाच. तिथे तुझ्या शब्दांत लिहून घे: ‘अर्धा तास ट्रॅफिकमध्ये चालवल्यावर, पहिल्या ते दुसऱ्या गिअरला, ताशी १० ते २० च्या स्पीडला धक्के बसतात.’ धक्का बसतोय तेव्हा शेजारी बसलेल्याकडून मीटरसकट व्हिडिओ काढून घे. ॲडव्हायजरला सोबत घेऊन गाडी तापेपर्यंत चालव, सकाळी दहा वाजता थंड गाडीची गल्लीतून एक चक्कर मारून ‘प्रॉब्लेम दिसला नाही’ असं लिहिलं जातं आणि तोच कागद पुढे तुझ्याविरुद्ध येतो. प्रॉब्लेम दिसला नाही तर तेही जॉब कार्डवर तारखेसकट लिहून घे, कारण वॉरंटीत असताना तू तक्रार केली होतीस हे सिद्ध करायला तो कागद पुरतो, मग वॉरंटी संपल्यावर पार्ट गेला तरी. पार्ट बदललाच तर जुना पार्ट परत माग.

कोर्टात जाऊन नवी गाडी मागायची का? राग समजतो, पण नवी गाडी मिळेल ही अपेक्षा सोडून दे. २००६ मध्ये मारुती उद्योगच्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलं होतं की वॉरंटीत कंपनीची जबाबदारी सदोष पार्ट दुरुस्त करायची किंवा बदलायची आहे, अख्खी गाडी बदलायची नाही. आणि तुझी गाडी तर सेकंड हँड आहे. शिवाय वेळ बघ. २००३ मध्ये एका कंपनीनं डायरेक्टरसाठी घेतलेली मर्सिडीज, सीटच्या मधला उंचवटा भयंकर तापायचा, त्याचा सुप्रीम कोर्टातला निकाल लागला जुलै २०२४ मध्ये. ग्राहक जिंकला, ३६ लाख परत करायला सांगितले, पण मधे एकवीस वर्षं गेली. त्या निकालाचा एक फायदा मात्र लक्षात घेण्यासारखा आहे, गाडी कंपनीच्या नावावर घेतली पण वापर डायरेक्टरच्या स्वतःसाठी असेल तर तो ‘व्यावसायिक वापर’ नाही असं त्यात ठरलं, आणि आपल्याकडे महागड्या गाड्या बऱ्याचदा फर्मच्या नावावरच घेतात, त्या वाचकांनी हे टिपून ठेवा.

याचा अर्थ तक्रार करू नको असा नाही. मागणी नेमकी कर: मेकॅट्रॉनिकचा वॉरंटी क्लेम आणि झालेला खर्च. आधी नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाइन, १९१५, फुकट आहे, ते कंपनीकडे तक्रार पाठवतात आणि बऱ्याच वेळा तिथेच हालचाल होते. नाहीच झाली तर जिल्हा ग्राहक आयोग, ५० लाखांपर्यंत मोजलेल्या किमतीची प्रकरणं तिथे चालतात, २०१९ च्या कायद्यानं तू जिथे राहतोस तिथेच तक्रार करता येते, म्हणजे पुण्यातच, ऑनलाइन भरता येते, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि २० ते ५० लाखांच्या प्रकरणाला फी हजार रुपये आहे. मुदत दोन वर्षं, आणि वर्कशॉप ‘बघतो, कळवतो’ करत बसलं म्हणून ती थांबत नाही. वर्कशॉप, कंपनी, वॉरंटी देणारा, आणि वॉरंटी आहे म्हणून गाडी विकणारा डीलर, सगळ्यांना त्यात घाल.

एक मधला रस्ता आहे जो तुला कोणी सांगितला नसणार. गुडविल. कंपनी वॉरंटी मान्य करत नाही पण पार्टच्या किमतीतला काही हिस्सा स्वतः उचलते, कधी पार्ट कंपनीचा आणि लेबर तुझं. हे वर्कशॉपच्या हातात नसतं, कंपनीच्या रीजनल सर्व्हिस मॅनेजरच्या हातात असतं, आणि ज्या गाडीच्या सर्व्हिसच्या नोंदी पूर्ण असतात आणि जिचा मालक नम्रपणे पण चिकाटीनं लिहितो त्याला ते मिळायची शक्यता जास्त. सोशल मीडियावर आगपाखड करायच्या आधी हे मागून बघ. सोशल मीडियाचं दुसरं टोकही आहे, २०२२ मध्ये अमेरिकेत एका टोयोटा जीआर ८६ च्या मालकाला इंजिनची वॉरंटी नाकारली गेली कारण डीलरनं ऑनलाइन फोटोत गाडी ड्रिफ्ट होताना बघितली. नंतर कंपनीनं निर्णय फिरवला, पण मधला मनस्ताप झालाच. तू ट्रॅकवर गाडी नेली असशील तर खोटं बोलू नकोस, आणि नेली नसशील तर तसं लेखी सांग.

बाहेर रिपेअर? पुण्या-मुंबईत मेकॅट्रॉनिक उघडून त्यातला व्हॉल्व्ह किंवा सेन्सर बदलून देणारे चांगले लोक आहेत आणि खर्च बराच कमी येतो, मी त्यांच्या विरोधात अजिबात नाही. फक्त क्रम चुकवू नकोस. वॉरंटीचा लेखी निकाल लागेपर्यंत बाहेर स्कॅन करून घे, बॅटरी तपासून घे, दुसरं मत घे, पण गिअरबॉक्स उघडू देऊ नकोस. एकदा उघडला की मग आधी काय बिघडलं होतं हे कोणीच सांगू शकणार नाही. सगळीकडून नकारच आला तर खुशाल बाहेर कर, पण कामावरची गॅरंटी बिलावर लिहून घे.

आणि विकणं. विकायची असेल तर विक, त्यात हार नाही, पण सांगून. घेणारा तुझ्यासारखाच कोणीतरी असेल, दहा वर्षं पैसे साठवलेला. दोष माहीत असून लपवून विकणं याला कायद्यात फसवणूकच म्हणतात, तो तुझ्या मागे लागू शकतो, आणि लागला नाही तरी तुला झोप लागणार नाही, हे तुझ्या पत्राच्या सुरावरूनच कळतं. स्कॅन रिपोर्ट आणि एस्टिमेट समोर ठेवून किंमत कमी करून विकता येते, असे रिपेअर करून घेणारे गिऱ्हाईक असतात. पण बॅटरी आणि ॲडॉप्टेशन करून बघायच्या आधी विकशील तर कदाचित वीस-तीस हजारांच्या कामासाठी पाच लाख सोडून देशील.

बायकोला आकडा सांग. ती ‘विक’ म्हणतेय ते अर्धवट माहितीवर, आणि तू चिडतोयस तेही त्यामुळेच. सगळे कागद टेबलावर ठेव, वॉरंटीच्या पुस्तकातलं एक्सक्लुजनचं पान तिलाच वाचायला दे, अशा कामात चार डोळे लागतात.

बाकी ज्यांच्याकडे अशी गाडी आहे आणि अजून सगळं ठीक आहे त्यांच्यासाठी थोडं. गाडी आठवडाभराच्या वर उभी राहणार असेल तर बॅटरी मेंटेनर (बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर) लावा, सोसायटीच्या बेसमेंटमध्ये प्लग नसेल तर कमिटीकडे मागा, तोपर्यंत आठवड्यातून एकदा चांगली अर्धा तास फिरवून आणा, नुसती जागेवर पाच मिनिटं सुरू ठेवून काही होत नाही. ट्रॅफिकमध्ये ड्युअल क्लच गाडी इंच इंच सरकवू नका, पुढे जागा होऊ द्या आणि मग एकदम जा. बोरघाटात जाम लागला तर चढावर ॲक्सिलरेटरनं गाडी धरून ठेवू नका, ब्रेक दाबा, क्लच तिथेच जळतात. खड्ड्यानं टायरला फुगा आला किंवा अलॉय वाकलं तर ते वॉरंटीत येत नाही, टायर-रिमचं वेगळं कव्हर इन्शुरन्समध्ये मिळतं, ते घ्या. पावसाळ्यात पाण्यात गाडी बंद पडली तर परत सेल्फ मारायचा नाही, एकदाही नाही. इंजिनात पाणी गेलं असेल तर त्या एका सेल्फनं कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग ते ‘मालकाच्या कृतीमुळे झालेलं नुकसान’ ठरतं. टो करून न्या, आणि इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन पॉलिसीत आहे का ते मे महिन्यातच बघून ठेवा. उंदरांनी वायरिंग कुरतडलं तर वॉरंटी नाही, इन्शुरन्सला विचारा. इंजिन ऑइल खातंय असं वाटत असेल तर लगेच भांडू नका, बऱ्याच जर्मन गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत चालतं असं लिहिलेलं असतं, आधी वर्कशॉपमध्ये मोजून, सील करून, हजार किलोमीटरनं परत मोजून घ्या. आणि इथेनॉलचं: टाकीच्या झाकणाच्या आत किंवा मॅन्युअलमध्ये ई१० की ई२० (पेट्रोलमध्ये १० की २० टक्के इथेनॉल) लिहिलंय ते बघा, ई१० असेल आणि गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकीत अर्धवट ई२० ठेवू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

तुझ्याकडे परत येते. उद्या ईमेल, शनिवारी बॅटरीची लोड टेस्ट आणि बाहेरच्या चांगल्या माणसाकडून पूर्ण स्कॅन, काहीही क्लिअर न करता. आधीच्या मालकाला फोन. वर्कशॉपला उत्तरासाठी ईमेलमध्येच पंधरा दिवसांची तारीख घाल आणि त्या तारखेला उत्तर नसेल तर १९१५ ला फोन. तोपर्यंत एक रुपयाही ॲडव्हान्स भरू नकोस. उत्तर आलं की स्कॅन रिपोर्ट जोडून मला परत लिही, चासी नंबर आणि नाव झाकून, म्हणजे फ्रीझ फ्रेममधले आकडे आपण इथेच सगळ्यांसोबत वाचू.